छायाचित्रातली छाया

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागून दहा-बारा किलोमीटर गेले, की डाव्या हाताला कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. किल्ल्याच्या माथ्यावरचा हा बेसॉल्टचा उभा खांब सुमारे सव्वाशे फूट उंच आहे, आणि आमच्या परिसरातील प्रत्येक कॅमेराधारी माणसाने तो आयुष्यात एकदा तरी टिपलेला असतो. आम्हीही टिपला आहे. सकाळी महामार्गावर उभे राहिले तर सूर्य सुळक्याच्या मागून वर येतो, आणि तिथेच हौशी छायाचित्रकाराची पंचाईत होते. खडक नीट यावा म्हणून प्रकाश अधिक घेतला तर आकाश कोरे पांढरे पडते. आकाशातले ढग राखावेत म्हटले तर खडक, झाडी, रस्ता सारे डांबरासारखे काळे. आपल्या डोळ्यांना मात्र त्या क्षणी दोन्ही दिसत असते. डोळ्यांना दिसते ते कॅमेऱ्याला का दिसू नये, ही या छंदातली पहिली तक्रार आणि बहुधा शेवटचीही.

या तक्रारीवर एक उपाय निघाला. त्याला हाय डायनॅमिक रेंज, थोडक्यात एचडीआर, म्हणतात. त्या उपायातून तयार झालेले कर्नाळ्याचे एक भले मोठे छायाचित्र आम्ही मध्यंतरी एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात पाहिले. आकाश जांभळे, ढग लोखंडातून घडवल्यासारखे, डोंगरावरचे पान अन् पान वेगळे, खडकाची भेग अन् भेग मोजून घ्यावी अशी. आणि सुळक्याभोवती पांढुरकी झळाळी. संतांच्या मस्तकामागे चित्रकार जी प्रभावळ काढतात ती कर्नाळ्याच्या कातळाला लाभलेली आम्ही प्रथमच पाहत होतो. स्नेह्यांनी मोठ्या हौसेने विचारले, "कसे वाटते?" आम्ही "छान आहे" म्हणून चहाचा पेला उचलला. ते उत्तर खरे नव्हते. पण खरे उत्तर काय होते हेही त्या वेळी आम्हांस सांगता आले नसते. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम ही कृती काय आहे ते पाहू. कारण तिच्यावर 'नकली' असा शिक्का मारून मोकळे होणारे लोक पुष्कळ आहेत आणि तो शिक्का अन्यायाचा आहे. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवून एकाच दृश्याची तीन छायाचित्रे घ्यायची : एक सेकंदाच्या हजाराव्या भागात, दुसरे अडीचशेव्या, तिसरे साठाव्या. पहिल्यात ढग सुरेख येतात, तिसऱ्यात खडकाच्या कपारी. मग संगणक प्रत्येक बिंदूपाशी तिन्हींची साक्ष काढतो आणि त्या ठिकाणी प्रत्यक्षात किती प्रकाश होता याचा हिशेब मांडतो. इथपर्यंत सारे शुद्ध मोजमाप आहे. यात लबाडी कोठेही नाही.

हा हिशेब मांडण्याची एक पद्धत पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी 1997 मध्ये एका निबंधात सिद्ध केली. त्यांच्या आधी, 1995 मध्ये, स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी निरनिराळ्या प्रकाशमात्रांची छायाचित्रे एकत्र करण्याचा विचार मांडला होता. मलिक हे मथुरेत जन्मलेले, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले आणि पुढे बर्कले येथे प्राध्यापक झालेले. आमच्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. या दोघांनी आपल्या निबंधात नमुन्यासाठी घेतलेले एक प्रमुख दृश्य म्हणजे एका चर्चचा अंतर्भाग : स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेमोरियल चर्च. त्याची त्यांनी सोळा छायाचित्रे वापरली, तीस सेकंदांपासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. म्हणजे सर्वांत लांब आणि सर्वांत अल्प प्रकाशमात्रेत तीस हजार पटींचे अंतर. सूर्य बरोबर एका रंगीत काचेच्या खिडकीमागे होता.

निवड चर्चची झाली यात नवल नाही. जाड भिंती, खोल कमानी, लाकडी तुळयांमधला दाट काळोख आणि त्यातच एखादी जळजळीत खिडकी. प्रकाशाची एवढी तफावत माणसाने बांधलेल्या फार थोड्या वास्तूंत एकत्र सापडते. आपण दर रविवारी जिथे बसतो ती जागा कॅमेऱ्याच्या दृष्टीने जगातल्या अवघड जागांपैकी एक आहे, हे आपल्या ध्यानीही नसते.

मोजमाप झाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. मोजलेली तफावत हजारो पटींची. छापील कागदावरचा सर्वांत काळा आणि सर्वांत पांढरा यांतले अंतर फार तर शंभर पटींचे. घागर एवढी आणि वाटी एवढीशी. तेव्हा ती सारी तफावत कागदाच्या मापात दाबून बसवावी लागते. या दाबून बसवण्याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि आमचा सारा वाद या पायरीशी आहे. संपूर्ण चित्र एकाच मापाने दाबले तर ते मचूळ, निर्जीव होते. म्हणून संगणक प्रत्येक भाग त्याच्या शेजाऱ्यांच्या तुलनेत पाहतो आणि प्रत्येक कोपऱ्यातला भेद स्वतंत्रपणे ठळक करतो. जिथे काळा कडा उजळ आकाशाला भिडतो तिथे हा हिशेब अडखळतो आणि कडेने ती झळाळी उमटते. कर्नाळ्याची प्रभावळ ती हीच. तुलना द्यायची तर चर्चमधल्या गायकवृंदाची देता येईल. ध्वनिक्षेपकावर बसलेला अतिउत्साही तरुण प्रत्येक आवाज सारखाच मोठा ऐकू यावा म्हणून सर्व बटणे वर चढवतो. मग एकल गायिकेचा हळुवार स्वर, मागच्या बाकावरचा खोकला आणि पंख्याची घरघर यांना एकच मान मिळतो. कोणताही आवाज खोटा नसतो. गाणे मात्र हरवलेले असते.

येथे कोणी म्हणेल, कॅमेऱ्याच्या तोकडेपणावर मात करणे हे छायाचित्रकाराचे कामच आहे. मान्य. आणि ते आजचे नाही. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने 1856-57 च्या सुमारास समुद्राची जी विख्यात छायाचित्रे केली त्यांपैकी काहींत समुद्र एका काचेवरून आणि आकाश दुसऱ्या काचेवरून छापले आहे. त्या काळची रासायनिक काच निळ्या रंगाला एवढी हळवी होती, की पाणी नीट यावे तर आकाश करपून जाई. क्षितिजरेषेवर त्याने सांधा घातला. तो सांधा आज शोधावा लागतो. आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती 1854 मध्ये, म्हणजे ल ग्रेच्या समुद्राच्याही आधी. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेतल्या आरंभीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी होते. पेशाने वैद्य आणि छंदाने छायाचित्रकार. हौशी छायाचित्रकार ही जात आपल्या भागात जवळजवळ छायाचित्रणाइतकीच जुनी आहे, हे विसरू नये.

अमेरिकेच्या अॅन्सेल अॅडम्सचे उदाहरण आम्हांस अधिक बोलके वाटते. त्याने फ्रेड आर्चर यांच्यासह 1940 च्या आसपास काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्यांची एक पद्धत बसवली. दृश्यातला कोणता भाग कोणत्या पायरीवर ठेवायचा हे बटण दाबण्यापूर्वीच ठरवायचे, अशी तिची शिस्त. न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ या खेड्याचे त्याचे चंद्रोदयाचे छायाचित्र 1941 मधले. खाली लहानसे चर्च, स्मशानभूमीतले क्रूस, त्यांवर मावळतीचा शेवटचा उजेड, वर चंद्र. एकच निगेटिव्ह मिळाली, दुसरी घेण्याआधी क्रुसांवरचा उजेड गेला. त्या एका निगेटिव्हवरून अॅडम्स पुढे कित्येक वर्षे प्रती काढीत राहिला, आणि गंमत अशी, की जसजशी वर्षे गेली तसतसे त्या प्रतींतले आकाश अधिकाधिक काळे होत गेले. आरंभीच्या प्रतींत दिसणारे फिकट ढग त्याने उत्तरोत्तर अंधारात बुडवले. निगेटिव्हमध्ये असलेली माहिती त्याने जाणूनबुजून फेकून दिली! आमच्या स्नेह्यांच्या संगणकाने अगदी उलट केले असते. त्याने ते ढग खणून वर काढले असते, आणि मग क्रुसांकडे कोणाचे लक्ष गेले असते?

अॅडम्स आणि आमचे स्नेही यांत फरक तंत्राचा नाही. दोघांनीही कॅमेऱ्याने दिलेले निमूट स्वीकारले नाही. फरक असा, की एकाने काय दिसू नये हे ठरवले आणि दुसऱ्याने ते ठरवण्याचे नाकारले. आपण मराठीत या कलेला 'छायाचित्र' म्हणतो. युरोपियांनी ग्रीक शब्द जोडून तिला प्रकाशलेखन म्हटले. आपण छाया निवडली. शब्द घडवणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे, पण शब्द नेमका आहे.

रोममधल्या सान लुईजी देई फ्रान्चेझी या चर्चमध्ये कारावाद्जोने 1599-1600 मध्ये रंगवलेले 'संत मत्तयाला पाचारण' हे चित्र आपल्यापैकी अनेकांनी छापील रूपात पाहिले असेल. जकातदार मेजाभोवती बसले आहेत, पैसे मोजणे चालू आहे. उजवीकडून प्रकाशाची एक तिरपी पट्टी भिंतीवर येते. त्याच बाजूला प्रभू येशू उभा आहे, पण त्याचा देह बहुतांशी काळोखात आणि पेत्राच्या आड. आपल्याला दिसतो तो चेहऱ्याचा काही भाग आणि पुढे केलेला हात. आता कल्पना करावी, की कोणी या चित्रातल्या सावल्या 'सुधारल्या'. भिंतीचा गिलावा स्पष्ट झाला, मेजाखालच्या पायांची बोटे मोजता आली, येशूच्या झग्याची चुणी अन् चुणी दिसू लागली. चित्राबद्दलची माहिती वाढली. तो हात मात्र कोणीही पाहणार नाही. बोलावणारा अर्धा अंधारात आहे, यातच त्या प्रसंगाचे मर्म आहे. मत्तयाला तरी तो कोठे पुरता दिसला होता?

आपल्याकडील उदाहरण वसईच्या किल्ल्याचे. त्यातली छप्पर उडालेली चर्चे ही या पद्धतीची आवडती शिकार आहे. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याची अशी कितीतरी छायाचित्रे आम्ही पाहिली. दगडाचे प्रत्येक छिद्र धारदार, कमानीखालचा अंधार पुसून टाकलेला, भिंतीतले मूळ अन् मूळ ठसठशीत. 1739 पासून ओस पडलेली जागा त्यांत नव्या चित्रपटाच्या देखाव्यासारखी दिसते. प्रत्यक्षात तिथे गेल्यावर माणूस गप्प होतो तो त्या कमानीखालच्या सावलीत शिरताना. छायाचित्रात शिरायला सावलीच उरलेली नसते.

आणखी एक गोष्ट या चित्रांच्या लक्षात येते ती उशिरा : त्यांत माणसे नसतात. तीन छायाचित्रे एकावर एक बसवायची तर दृश्यातले काहीही हलता कामा नये. वाऱ्याने फांदी हलली तर तिची तीन भुते उमटतात. रस्त्यावरून जाणारी बाई तीन ठिकाणी अर्धी अर्धी दिसते. म्हणून हौशी मंडळी पहाटे, निर्मनुष्य वेळी, वारा पडलेला पाहून निघतात. कलावंतीणच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या हव्यात, पण त्यांवरून चढणारी माणसे नकोत. प्रबळमाची हवी, तिथल्या घरांतला धूर नको. गाढी नदी हवी, घाटावर कपडे आपटणाऱ्या बाया नकोत. तंत्राची अडचण हळूहळू रुची होऊन बसते, आणि आमच्या तालुक्याचे असे एक चित्र तयार होते ज्यात कोणीच राहत नाही. ज्या वर्षांत पनवेलची लोकसंख्या भराभर वाढली त्याच वर्षांत पनवेलच्या हौशी छायाचित्रांतून माणूस नाहीसा व्हावा, हे चमत्कारिकच.

आता दुसरी बाजू. नवीन पनवेल, कामोठे, खारघर येथल्या सदनिकांची जाहिरातपत्रके पाहा. खोलीतला सोफाही स्पष्ट आणि खिडकीबाहेरचा डोंगरही स्पष्ट. हे याच तंत्राने किंवा याच्या भावंडाने साधते, आणि ते योग्य आहे. घेणाऱ्याला खोलीही पाहायची आहे आणि डोंगरही. लेण्यांच्या, जुन्या वास्तूंच्या नोंदीसाठीही ते उपकारक आहे. घारापुरीच्या लेण्यातला सदाशिव आणि त्याच्या बाजूची शिल्पे अभ्यासायची असतील तर अंधारातले कोपरे उकलून दाखवणारे छायाचित्र अभ्यासकाला हवेच. गिऱ्हाइकाला आणि अभ्यासकाला सर्व काही दिसण्याचा हक्क आहे. पण हौशी माणसाला गिऱ्हाईक नसते. तीच तर त्याची श्रीमंती! ज्याला कोणाला काही विकायचे नाही त्याने जाहिरातपत्रकाच्या शैलीत सुळका का टिपावा, हे कोडे आम्हांस सुटत नाही.

कदाचित त्याचे मूळ पूर्वीच्या काटकसरीत असेल. आमच्या उमेदीच्या काळी छत्तीस फोटोंचा रोल असे. एकाच दृश्यावर तीनदा बटण दाबणे म्हणजे रोलचा बारावा भाग खर्ची घालणे. पारदर्शिकेचा रोल तर फार कमी तफावत झेलायचा आणि चूक अजिबात पोटात घालायचा नाही. तेव्हा आधी ठरवावे लागे : खडक की आकाश? आम्ही बहुतेकदा चुकीचे ठरवले. आमच्या पेटीत काळेठिक्कर कर्नाळे डझनावारी निघतील. पण ठरवले होते. रोल गेला, खर्च गेला, तसा तो प्रश्नही गेला, आणि वाटू लागले की आता निवडीची गरजच उरली नाही.

हे सारे तिकाटणे घेऊन हिंडणाऱ्या मूठभर लोकांपुरते असते तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. पण 2010 मध्ये आयफोनमध्ये ही सोय आली, पुढे इतर फोनांतही आली, आणि आज बहुतेक फोन न विचारताच एका टिचकीत अनेक छायाचित्रे घेऊन त्यांची मोट बांधतात. (दूरचित्रवाणी संचावर लिहिलेले एचडीआर हे निराळे. तिथे पडदाच अधिक उजळ होऊ शकतो, त्यामुळे दाबण्याची गरज कमी. नाव एक, कुळ वेगळे.) म्हणजे आता प्रत्येक कुटुंबाच्या स्मृतिसंग्रहाचा प्रकाश दुसराच कोणी ठरवतो आहे. उन्हात शेती केलेल्या, मासळीच्या पाट्या वाहिलेल्या आजीचा सावळा चेहरा लग्नाच्या छायाचित्रात गव्हाळ होऊन येतो, आणि घरातलीच माणसे "किती छान आली!" म्हणतात. आजीचा रंग हा फोनच्या लेखी दुरुस्त करण्याजोगा दोष ठरला, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आम्हांस याचा राग येतो, आणि तो आम्ही लपवू इच्छित नाही.

पवित्र शनिवारच्या रात्रीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. चर्चमधले सारे दिवे मालवलेले असतात. बाहेर नवा अग्नी पेटवला जातो, त्यावरून पास्काची मेणबत्ती, आणि ती एकटी ज्योत काळोख्या चर्चमध्ये प्रवेश करते. तिच्यावरून इतरांच्या मेणबत्त्या, बाकामागून बाक. एका वर्षीच्या जागरणविधीची छायाचित्रे नंतर फोनांवरून फिरली ती आम्ही पाहिली. त्या पहिल्या प्रवेशाच्या क्षणी छतावरचे पंखे दिसत होते. भिंतीवरचे घड्याळ दिसत होते, किती वाजले तेही वाचता येत होते. मेणबत्ती होती, पण तिची तिथे काही गरज दिसत नव्हती. फोनने काही खोटे केले नव्हते, हे पुन्हा सांगतो. पंखे होतेच, घड्याळ होतेच. फक्त आम्ही तिथे उभे होतो तेव्हा ते नव्हते. आमच्यापुरते त्या घटकेला जगात एक ज्योत होती आणि तिच्या उजेडात धर्मगुरूंची हनुवटी.

त्याच रात्रीचे एक छायाचित्र मात्र आम्ही जपून ठेवले आहे. ते धर्मग्रामातल्या एका महाविद्यालयीन मुलीने घेतलेले. तिने फोनमधली ती सोय बंद केली, ज्योतीवर बोट ठेवून प्रकाशमात्रा खाली ओढली आणि एकदाच टिपले. जवळजवळ सारी चौकट काळी आहे. मधोमध नाही, जरा डावीकडे, ज्योत. तिच्याखाली धरणाऱ्या हाताची दोन बोटे. आणि खूप मागे, दाराच्या चौकटीत, बाहेरच्या अग्नीचा तांबूस डाग. दोष काढायचाच तर ज्योत जराशी करपली आहे, तिच्यातला निळसर गाभा राहिला नाही. येथे दोन छायाचित्रे जोडून तो गाभा राखता आला असता आणि काळोखाला धक्काही लागला नसता. त्या मुलीला आम्ही तसे सांगितलेही. तंत्र तिला ठाऊक होते. "पण ज्योत हलत होती ना," ती म्हणाली.

आमच्या स्नेह्यांनाही पुढे एकदा आम्ही आमचे खरे मत सांगितले. ते रागावले नाहीत. मूळची तिन्ही छायाचित्रे त्यांनी काढून दाखवली. त्यांतले सर्वांत काळे आम्हांस सर्वांत आवडले. सुळका निव्वळ आकृती, मागे पावसाळी ढगांची एक उजळ चीर, आणि खाली रस्त्याच्या कडेला, आम्हां दोघांच्याही आधी लक्षात न आलेला, छत्री घेतलेला एक माणूस. जोडलेल्या चित्रात तो हलला म्हणून संगणकाने पुसून टाकला होता. त्यांनी ते छापायला दिले. पहिली प्रत आली ती उजळून; यंत्रानेच दुरुस्ती केली होती. दुसऱ्या खेपेस पाकिटावर ठळक अक्षरांत लिहून द्यावे लागले, की काळे आहे तसेच राहू द्यावे.